देशासाठीच करतो ना तो

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं 'गोल्डन कामुई' ही जपानी अ‍ॅनिमे सिरीज लावून बसलो. तो पहिल्यांदा बघत होता, माझा मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, आधीच वाचून झालेला. होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या ओतारूमधला तो सीन आला. लेफ्टनंट त्सुरुमी समोर बसून दांगो खातोय, तांदळाच्या पिठाचे ते गोळे, वरून चकचकीत गोड सोयासॉसचा रस ओघळतोय, आणि खाता खाता तो सुगिमोतोशी, म्हणजे गोष्टीच्या नायकाशी, इतक्या आपुलकीने बोलतोय की बाहेर पडलेला बर्फ, भोवती उभे असलेले बंदूकवाले सैनिक, सगळं आपण विसरतो. आणि मग अचानक, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता, दांगोची ती काडी तो सुगिमोतोच्या एका गालातून घालून दुसऱ्या गालातून बाहेर काढतो. सुगिमोतो हूं की चूं करत नाही. त्सुरुमी खूश होतो, मनापासून खूश होतो, आणि मग त्याला आपला बेत सांगायला लागतो. लपवून ठेवलेलं सोनं मिळवायचं, होक्काइदोमध्ये शस्त्रांचे कारखाने काढायचे, युद्धात मेलेल्यांच्या बायकांना, पोरांना तिथे काम द्यायचं. भाचा सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता, तो एकदम म्हणाला, "पण मावशी, हा माणूस वाईट कुठाय? देशासाठीच करतो ना तो." मी म्हटलं बघ पुढे. त्याने अजून दोन एपिसोड बघितले आणि झोपला. माझ्या डोक्यातून ते वाक्य काही जाईना.

कारण तो चुकीचं बोलला नव्हता. त्सुरुमी देशासाठीच करतो. मी पूर्ण सिरीज वाचूनही छातीठोकपणे म्हणू शकत नाही की नाही, ते सगळं ढोंग होतं, आत वेगळंच काहीतरी होतं. एरवी देशभक्त व्हिलन म्हटला की लेखक आपली सोय करून देतात, शेवटी तो सत्तेसाठी किंवा पैशासाठीच करत होता असं निघतं, मग आपण निवांत होतो. नोदा सातोरूंनी ही सोय दिलेली नाही. २०१४ ते २०२२ अशी आठ वर्षं त्यांनी ही गोष्ट चालवली आणि या माणसाला शेवटपर्यंत सोपं केलं नाही.

दिसायला तो कसा आहे बघा. रशिया-जपान युद्धात, मांचुरियातल्या मुकदेनच्या लढाईत तोफगोळ्याने कपाळाची कवटीच उडालेली, तिथे पांढऱ्या इनॅमलची एक पाटी पट्ट्याने बांधलेली, डोळ्यांभोवतीची कातडी भाजून लाल, सालटी निघाल्यासारखी. मधूनच त्या पाटीखालून एक पातळ द्रव ओघळतो, गालापर्यंत येतो, आणि शेजारी उभा असलेला सार्जंट त्सुकिशिमा काही न बोलता ते पुसून घेतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शहारा आला होता. आता पुन्हा बघताना मला त्या द्रवापेक्षा त्सुकिशिमाचा हात जास्त दिसतो, किती सवयीने तो हात पुढे होतो. त्सुरुमीला दारू चालत नाही, गोड मात्र जीव की प्राण. मिशी राखलेली, युनिफॉर्म कडक, बोलणं अदबीचं. अ‍ॅनिमेमध्ये ओत्सुका होचू यांनी त्याला जो आवाज दिलाय त्यात एक मऊ खरखर आहे, घरातला मोठा माणूस दुपारी झोपेतून उठून बोलतो ना तशी. हा माणूस तुमच्याकडे बघून बोलायला लागला की खोलीत दुसरं कुणी नाहीच असं वाटतं. आणि याच माणसाने माणसाच्या गोंदवलेल्या कातडीची बंडी शिवून युनिफॉर्मच्या आत घातलेली आहे, कारण सोन्याचा नकाशा त्या कातडीवर आहे आणि अंगावर ठेवण्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. त्याच्या लेखी हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे.

शाळेत इतिहासाच्या पेपरात आम्हाला रशिया-जपान युद्धावर 'कारणे द्या' यायचं. उत्तर ठरलेलं होतं, १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं, एका आशियाई देशाने युरोपियन सत्तेला हरवल्यामुळे आशियातल्या राष्ट्रवादाला प्रेरणा मिळाली, दोन मार्क. आणि ते खरंच होतं. इथे वंगभंगाची चळवळ पेटत होती, लोकमान्यांच्या 'केसरी'त जपानबद्दल कौतुकाने लिहिलं जात होतं, गोऱ्या माणसाला हरवता येतं ही बातमी म्हणजे तेव्हाच्या पोरांसाठी काय असेल याची कल्पना करता येते. मी ते दोन मार्क दरवेळी मिळवले. पण ज्यांनी ते युद्ध लढलं त्यांचं नंतर काय झालं, हा प्रश्न आमच्या पुस्तकात नव्हता आणि मलाही कधी पडला नाही, तो पडला थेट हा मांगा वाचताना. पोर्ट आर्थरजवळची २०३ मीटरची टेकडी, तिच्या उंचीवरूनच तिचं नाव, ती घेतली की बंदरातलं रशियन आरमार तोफांच्या टप्प्यात येणार, म्हणून मशीनगनच्या समोर माणसं चढवत राहिले, लाटेमागून लाट. ५ डिसेंबर १९०४ ला टेकडी पडली. तिथे होक्काइदोहून आलेली सातवी डिव्हिजन, त्सुरुमीची, भाजून निघाली. नंतर मार्च १९०५ मध्ये मुकदेन. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पोर्ट्समथला तह झाला, जपानला साखालिनचा दक्षिणेकडचा अर्धा भाग मिळाला, कोरिया-मांचुरियात हातपाय पसरायला वाट मिळाली, पण रशियाकडून दंडाचा एक पैसा मिळाला नाही. त्या दिवशी तोक्योच्या हिबिया पार्कात लोकांनी दंगल केली. आपल्याकडे ज्या विजयाचं कौतुक चाललं होतं, त्याच विजयावर तिथले लोक चिडून पोलीस चौक्या जाळत होते, हे दोन्ही एकाच वर्षात.

त्सुरुमी त्या रागातून तयार झालाय. त्याचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात खोटं काही नाही. वरच्यांच्या हट्टापायी माणसं मेली, मेलेल्यांना मान मिळाला नाही, त्यांची कुटुंबं उघड्यावर पडली, आणि तोक्योत बसलेले लोक पुढच्या कामाला लागले. हे बोलताना तो ओरडत नाही. तो ते सैनिकांच्या मनात आधीपासूनच असलेलं त्यांना परत ऐकवतो, फक्त जास्त चांगल्या शब्दांत. आणि समोर बसलेला सुगिमोतो तर त्याच टेकडीवर लढून आलेला, त्याचा बालमित्र तोराजी त्याला वाचवताना मेला, तोराजीची बायको उमेको गावी आहे, तिची नजर जात चाललीय, ऑपरेशनचा खर्च २०० येन, आणि तेवढ्यासाठी सुगिमोतो बर्फात सोनं शोधत हिंडतोय. म्हणजे बघा, त्सुरुमीने त्याच्यासमोर जे टाकलं, विधवांना आधार, ती सुगिमोतोची स्वतःचीच जखम होती. याहून चांगली नोकरी त्याला कोण देणार होतं? पण तो नाही म्हणतो. मी त्या पानावर बराच वेळ थांबले होते. आधी वाटलं गालात काडी घातली म्हणून नाही म्हणाला. मग वाटलं की नाही, सुगिमोतोला एक बाई माहितीय, तिचं नाव, तिचं हसणं, तिच्या घराकडची वाट. त्सुरुमीकडे सगळ्या विधवा आहेत. सगळ्या विधवांसाठी कितीही माणसं मारता येतात, त्याचा हिशोब कधीच पूर्ण होत नाही.

हे लिहिलं खरं, पण हे पुरतं बरोबर नाही.

कारण त्सुरुमी माणसांना घाऊक भावात बघत नाही, उलट तो प्रत्येकाला इतकं बारकाईने ओळखतो की भीती वाटते. कुणाला बाप हवाय, कुणाला मोठा भाऊ, कुणाला आपण कामाचे आहोत एवढं ऐकायचंय, त्याला हे पहिल्या भेटीत कळतं. युबारीतला एदोगाई घ्या, प्राण्यांत पेंढा भरणारा, आईच्या धाकात मोडून गेलेला, लपूनछपून माणसांच्या कातडीचे कपडे शिवणारा. दुसऱ्या कुणी त्याला पकडला असता किंवा पळून गेला असता. त्सुरुमी त्याचे कपडे घालून बघतो, वाहवा करतो, त्याला अंगावर घालून मिरवायला लावतो, आणि त्या मुलाचा चेहरा असा उजळतो की वाचणाऱ्यालासुद्धा क्षणभर बरं वाटतं, चला, याला आयुष्यात एकदा तरी कुणीतरी छान म्हटलं. मग त्सुरुमी त्याच्याकडून नकाशाची खोटी कातडी बनवून घेतो आणि त्या कामापायी एदोगाई खाणीत मरतो, त्सुरुमीला उपयोगी पडल्याच्या आनंदात मरतो. ते कौतुक खोटं होतं का? मला नाही वाटत. त्सुरुमीला ते कपडे खरंच आवडले असावेत. वापरून घ्यायचंय म्हणून तो प्रेमाचं नाटक करतो असं असतं तर सोपं होतं. त्याचं प्रेम आणि वापरून घेणं एकाच हाताने होतं, त्यात सांधा दिसत नाही.

मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत एका शिबिराला जायचे. तिथे एक सर होते, नाव नको. संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर शेकोटी पेटायची, पाऊस नुकताच सरलेला असायचा, त्यामुळे लाकडं ओली, धूर डोळ्यांत, बसायला टाकलेली सतरंजी खालून दमट. सर बोलायला लागायचे सीमेवरच्या जवानांबद्दल, आणि बोलता बोलता एखाद्याचं नाव घ्यायचे, तुझे आजोबा मिलमध्ये होते ना रे, असं. त्यांना सगळ्यांचं सगळं लक्षात असायचं. एका वर्षी एक मुलगा दुसऱ्याच दिवशी घरी जायचं म्हणून रडायला लागला, चांगलाच तापलेला होता तो, हात लावला तर चटका. सरांनी त्याला ओरडलं नाही. सगळ्यांसमोर जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि हळू आवाजात विचारलं की बर्फात उभा असलेला आपला जवान आईची आठवण आली म्हणून घरी जातो का. मुलगा थांबला. डोळे पुसून ताठ उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि उरलेले दिवस त्याने तापातच काढले. तो आता मोठा माणूस आहे, भेटला की अजून ती गोष्ट अभिमानाने सांगतो. सरांबद्दल तो वावगा शब्द काढत नाही, मलाही त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांचा आवाज आठवला की अजूनही अंगावर काटा येतो, चांगल्या अर्थाने येतो. पण त्सुरुमीला वाचताना तो तापलेला हात आठवत राहिला. त्या पोराला डॉक्टर हवा होता. त्याला गोष्ट मिळाली, आणि त्याला ती गोष्ट पुरली.

त्सुकिशिमालाही अशीच गोष्ट मिळते. सादो बेटावरचा मुलगा, बाप गावभर बदनाम, त्यामुळे मुलालाही कुणी जवळ करत नाही, फक्त एक मुलगी आहे, कुरळ्या केसांची, समुद्रातल्या शेवाळासारखे केस म्हणून सगळे तिला इगोगुसा म्हणून चिडवतात. त्सुकिशिमा चीनशी झालेल्या युद्धावरून परत येतो तर कळतं की तो मेला अशी अफवा बापाने पसरवली आणि ती मुलगी समुद्राकडे गेली ती परत आलीच नाही. तो बापाला मारून टाकतो, फाशीची शिक्षा होते. कोठडीत त्सुरुमी येतो आणि सांगतो, ती जिवंत आहे, तिचं लग्न झालंय, आणि पुरावा म्हणून केसांची बट हातात देतो. त्याला रशियन शिकायला लावतो, म्हणजे लष्कराला त्याची गरज भासेल आणि शिक्षा टळेल. काही वर्षांनी मांचुरियात सादोचाच एक सैनिक भेटतो आणि सांगतो की त्या मुलीची हाडं तुझ्या बापाच्या घराखाली सापडली. त्सुकिशिमा त्सुरुमीला धरून बुकलतो. त्सुरुमी मार खातो आणि शांतपणे समजावतो की ती हाडं मीच पेरली, तुला सोडवायला. मग आणखी पुढे त्सुकिशिमाला संशय येतो की तो सादोचा सैनिक भेटणं हेसुद्धा ठरवलेलं असेल. आणि इथे तो थांबतो. कुठलं खरं हे शोधत नाही. केसांची ती बट समुद्रात टाकून देतो आणि त्सुरुमीच्या मागे चालत राहतो.

मला वाटायचं की फसवलं गेलं हे कळल्यावर माणूस सुटतो. त्सुकिशिमा सुटत नाही. त्याला सगळं कळलेलं आहे, कोइतोसारख्या तरुण अधिकाऱ्याला तो स्वतः सांगतो की सावध राहा, आणि तरी तो जागचा हलत नाही, कारण त्याने त्सुरुमीसाठी इतकं करून ठेवलंय की आता तो उद्देश मोठा नसेल, पवित्र नसेल, तर त्याने जे केलं त्याला काही नावच उरत नाही. देश हा शब्द त्याला यासाठी लागतो. आपल्या हातून झालेल्या गोष्टी ठेवायला त्याला दुसरी जागा नाही.

आणि म्हणून साप्पोरोच्या चर्चमधला प्रसंग इतका जीवघेणा होतो. त्सुरुमीने सुगिमोतोबरोबर सोनं शोधणारी आइनू मुलगी आसिरपा आणि सोफिया यांना धरून आणलंय, आणि तो त्यांना आपली जुनी गोष्ट सांगतो. व्लादिवोस्तोकमध्ये तो हासेगावा या नावाने फोटो स्टुडिओ चालवायचा, हेर होता, फिना नावाच्या रशियन बाईशी लग्न केलं होतं, ओल्गा नावाची तान्ही मुलगी होती. तीन तरुण क्रांतिकारक त्याच्याकडे जपानी शिकायला यायचे, आसिरपाचा बाप विल्क, किरोरांके आणि ही सोफिया. रशियन गुप्त पोलीस आले, गोळीबार झाला, आणि घराबाहेर काढून दिलेली फिना बाळाला घेऊन परत फिरली, काळजीने. दोघी गेल्या. मरत्या बायकोला त्याने तेव्हा पहिल्यांदा आपलं खरं नाव सांगितलं. हे सगळं सांगून तो त्यांच्या बोटांची हाडं काढून समोर ठेवतो, एक मोठं, एक अगदी एवढंसं. सोफिया कोसळते, कारण ती गोळी तिची असू शकते. दाराबाहेर त्सुकिशिमा आणि कोइतो श्वास रोखून ऐकतायत. त्यांचं सगळं आयुष्य पुढच्या वाक्यावर टांगलंय, हा सगळा प्रवास, हे खून, ही कातडी, एका माणसाच्या घरगुती सूडासाठी होते का? आणि त्सुरुमी म्हणतो की नाही, माझ्यासाठी मांचुरियात पुरलेले माझे सैनिक आहेत, ती जमीन जपानची झाली की ते आपल्या मातीत असतील, आणि रशियाला तिथेच रोखता येईल. बाहेर त्सुकिशिमाचा जीव भांड्यात पडतो. पण दारामागे कुणीतरी आहे हे त्सुरुमीसारख्या कसलेल्या हेराला माहीत नसेल? तो कुणासाठी बोलला ते? मी ती पानं किती वेळा मागेपुढे केली असतील, त्याच्या चेहऱ्यावरून काही हाती लागत नाही. नोदांनी डोळे काढलेत, पण त्या डोळ्यांत काहीही ठेवलेलं नाही.

मला स्वतःला विचाराल तर दोन्ही खरं आहे. ज्याने बायको-मुलीला पुरलंही नाही, त्यांची हाडं खिशात घेऊन फिरतो, त्याला मेलेल्या सैनिकांच्या परक्या मातीतल्या हाडांबद्दल जे वाटतं ते खोटं असू शकत नाही. दुःख एकच आहे, त्याने ते फक्त वाढवत नेऊन नकाशाएवढं केलं. आणि नकाशाएवढं झालं की त्यात दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. कारण ते सोनं कुणाचं होतं? आइनू लोकांचं, होक्काइदोच्या मूळ रहिवाशांचं, त्यांनी आपल्या हक्कासाठी जमवलेलं. ज्या होक्काइदोत तो विधवांसाठी कारखाने काढणार होता ती जमीन कुणाची? १८९९ च्या कायद्याने ज्यांना 'माजी आदिवासी' म्हणून शेतकरी बनवायला निघाले होते, ज्यांची भाषा, शिकार, मासेमारी सगळ्यावर गदा आली होती, त्यांची. जपानच्या संसदेने आइनूंना मूलनिवासी म्हणायला २००८ साल उजाडलं. आसिरपा समोर बसून हे सगळं ऐकते, जेमतेम बारा-तेरा वर्षांची पोर, आणि त्सुरुमी तिच्या बापाने त्याचं घर कसं उद्ध्वस्त केलं ते तिला सांगतो, तिच्या लोकांचं काय झालं हे त्याच्या गोष्टीत येतच नाही. तो इतका संवेदनशील माणूस, समोरच्याचं दुखणं पहिल्या नजरेत ओळखणारा, आणि इथे त्याला ते दिसत नाही, किंवा दिसतं आणि तो ते फक्त हत्यार म्हणून वापरतो. मला त्याचा सगळ्यात जास्त राग इथे येतो. कातडीच्या बंडीचासुद्धा इतका आला नव्हता.

आणि आपण वाचक पुढचं जाणतो. गोष्ट १९०७ च्या आसपास घडते. त्सुरुमीला हवं होतं ते प्रत्यक्षात झालं, १९३१ मध्ये त्याच मुकदेनजवळ जपानी लष्कराने रेल्वेच्या रुळावर स्वतःच स्फोट घडवला, चिन्यांवर ढकलला आणि मांचुरिया घेतला, पुढच्या वर्षी मांचुकुओ नावाचं राज्य उभं केलं. नाटक रचायचं, मग त्या नाटकातून वाचवायला आपणच धावायचं, हे वाचताना मला थेट कोइतोचं अपहरण आठवलं, ते पुढे सांगते. मग गरीब शेतकरी कुटुंबं तिकडे वसवायला पाठवली, आणि ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा लष्कर मागे सरकलं आणि बायकापोरं तिथेच राहिली. किती मुलं चिनी घरांत वाढली. ज्या विधवांसाठी आणि अनाथांसाठी हे सगळं करायचं होतं, त्यांच्यासारखेच आणखी हजारो यातून तयार झाले. हे मांगामध्ये लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नाही, पण चर्चमधलं त्याचं बोलणं वाचताना हे माझ्या मनातून जात नाही.

शेवटच्या खंडात हाकोदातेकडे धावणारी आगगाडी, सगळं रक्ताने माखलेलं, आणि त्सुरुमीच्या हातून एकाच वेळी दोन गोष्टी निसटतात, आइनूंच्या जमिनीच्या हक्काचा कागद आणि ती हाडं. त्याची नजर हाडांकडे जाते. हात कागदाकडे जातो. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. भाच्याचं म्हणणं तिथे सिद्ध होतं, देशासाठीच करत होता तो, स्वतःच्या मुलीचं एवढंसं हाड सोडून देण्याइतका देशासाठी. मला ते वाचून त्याच्याबद्दल आदर वाटला नाही, तिरस्कारही वाटला नाही, रडू आलं, आणि कुणासाठी आलं ते नीट सांगता येणार नाही.

कोइतोबद्दल मी जास्त बोलले नाही, खरं तर त्याच्यावर वेगळं लिहायला हवं. अ‍ॅडमिरलचा लाडावलेला मुलगा, वडिलांशी न पटणारा, सोळाव्या वर्षी हाकोदातेत रशियनांनी पळवून नेला आणि त्सुरुमीने सोडवला, तेव्हापासून त्याचा भक्त, त्सुरुमी समोर आला की याची जीभ अडखळते आणि भडाभडा आपल्या गावाकडच्या सात्सुमा बोलीत बोलायला लागतो. पुढे त्याला उमगतं की पळवणारेही त्सुरुमीचेच लोक होते. ज्या प्रसंगाने बापलेक जवळ आले तोच रचलेला. त्सुकिशिमासारखाच घाव, पण हा वेगळं वागतो. तो म्हणत नाही की माझं प्रेम खोटं होतं, आणि असंही म्हणत नाही की आता फरफटत जाण्याशिवाय पर्याय नाही. हाकोदातेतल्या गोर्योकाकू किल्ल्याच्या लढाईत त्याचे वडील मरतात, त्सुरुमीच्याच सांगण्यावरून जहाजं घेऊन आलेले असताना. आणि तरी शेवटी तो सूड घ्यायला जात नाही. जखमी त्सुकिशिमा उठून त्सुरुमीच्या मागे जायला धडपडतो तेव्हा कोइतो त्याला धरून ठेवतो. त्यानंतर उरलेल्या सैनिकांची जबाबदारी घेतो, ज्यांच्यावर बंडाचा आरोप येणार होता अशा माणसांची, आणि त्सुकिशिमाला माझा उजवा हात हो म्हणतो. तोही सैनिकच राहतो, त्याच देशाचा, त्याच युनिफॉर्ममध्ये. फक्त त्याने सांभाळलेली माणसं मोजता येतात, त्यांना नावं आहेत, ती जिवंत आहेत. भाचा अजून तिथपर्यंत पोचलेला नाही, त्याचा फोन येतो, सध्या त्याला कोइतो अजिबात आवडत नाही, नुसता आरडाओरडा करतो म्हणतो.